ऑफिसबाहेरच्या कर्मचाऱ्यांना कंपनीच्या सर्व्हरवरून सुरक्षितपणे मेल कसा पाठवू द्यावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भोसरीत 40 माणसांची कंपनी, स्वतःचा मेल सर्व्हर, डेबियन लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-स्वीकारणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (आलेले मेल वाचायला देणारा). ऑफिसमध्ये बसलेल्यांचे मेल विनातक्रार जातात. नागपूर, कोल्हापूर, बेंगळुरूला फिरणारे सेल्सवाले आणि घरून काम करणारे अकाउंट्सवाले यांना मेल येतात, पण पाठवायला गेलं की ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ (मेल पुढे पोचवायला नकार). हार्डवेअरवाल्याने सुचवलंय की त्यांच्या घरचे आयपी पोस्टफिक्सच्या ‘मायनेटवर्क्स’मध्ये (विश्वासातल्या आयपींच्या यादीत) टाका. तोवर दोघा-तिघांनी स्वतःच्या जीमेलवरून कोटेशनं पाठवायला सुरुवातही केलीय. यातून नीट मार्ग कोणता?

पहिली गोष्ट, हा एरर म्हणजे बिघाड नाही. बाहेरच्या अनोळखी आयपीवरून कुणीतरी येतो आणि म्हणतो, हा मेल तिसऱ्याच कंपनीला पोचवा. त्याला नाही म्हणणं हे सर्व्हरचं कामच आहे. 1990च्या दशकात बहुतेक सर्व्हर असे कुणाचेही मेल पुढे ढकलत असत. स्पॅमवाल्यांनी त्याचा इतका फायदा उठवला की 1998 साली सेंडमेल या मेल सर्व्हर प्रोग्रॅमने 8.9 या आवृत्तीपासून परक्यांचा रिले मुळातच बंद करून टाकला. तुमच्या लॉगमध्ये कोड 454 दिसत असेल तर त्याने फसू नका. चारने सुरू होणारा कोड म्हणजे तात्पुरता नकार, म्हणून लोक ‘थोड्या वेळाने जाईल’ असं समजून वाट बघत बसतात. नव्या पोस्टफिक्समध्ये रिलेच्या नकाराचं मूळ सेटिंगच 454 देतं. वाट बघून तो मेल जाणार नाही.

आता हार्डवेअरवाल्याचा सल्ला. कृपा करून तो मानू नका. मायनेटवर्क्समध्ये आयपी टाकणं म्हणजे त्या आयपीवरून जो कुणी येईल त्याला पासवर्ड न विचारता, कुणाच्याही नावाने, कुठेही मेल पाठवायची मुभा देणं. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी राउटर बंद-चालू केला की बदलतो, आणि तुमच्या यादीतला जुना आयपी दुसऱ्याच घरी जातो. मोबाइल डेटावर तर त्याहून वाईट. तिथे सीजीनॅट असतं, म्हणजे एकाच सार्वजनिक आयपीमागे एकाच वेळी असंख्य ग्राहक असतात. तुमच्या सेल्सवाल्याचा म्हणून जो आयपी तुम्ही टाकाल तो त्या क्षणी शेकडो अनोळखी फोनचाही असू शकतो. मग आयपी रोज बदलतोय म्हणून कुणीतरी वैतागून अख्खी रेंजच टाकतं, आणि तुमचा सर्व्हर ओपन रिले, म्हणजे कुणाचेही मेल पुढे ढकलणारा, होऊन बसतो. असे सर्व्हर शोधणारे बॉट चोवीस तास फिरत असतात. एकदा त्यांना सापडलात की तुमचा आयपी ब्लॉकलिस्टवर (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीवर) जातो आणि ऑफिसमधल्यांचे मेलही अडकतात.

मूळ गडबड अशी की सर्व्हर सध्या मेल कुठून आला यावर भरवसा ठेवतोय. ऑफिसच्या चार भिंतींपुरतं ते चालून गेलं. माणसं बाहेर पडली की भरवसा माणसावर ठेवावा लागतो: तो कोण आहे हे त्याने सिद्ध करावं, आणि सिद्ध केल्यावर त्याला फक्त त्याच्याच नावाने, माफक संख्येत पाठवता यावं. यातलं पहिलं सगळे करतात. नंतरचं बहुतेक जण सोडून देतात, आणि पुढचे घोटाळे तिथेच होतात.

यासाठी वेगळे पोर्ट 1998पासून आहेत. पोर्ट 25 हे एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला मेल देण्यासाठी. माणसाच्या मेल क्लायंटने आपल्या सर्व्हरला मेल द्यायचा तो 587वर. आरएफसी 2476 या इंटरनेट मानकाने डिसेंबर 1998मध्ये ही विभागणी केली आणि आज 2011चं आरएफसी 6409 लागू आहे. घरगुती कनेक्शनवरून बाहेर जाणारं 25 बरेच इंटरनेट पुरवठादार बंद ठेवतात, त्यामुळे क्लायंटमध्ये 25 घालून ‘कधी जातं, कधी जात नाही’ असला त्रास होतो. 465चा इतिहास जरा विचित्र आहे. 1997मध्ये ते सुरक्षित एसएमटीपीसाठी (एसएमटीपी म्हणजे मेल पाठवण्याची ठरलेली भाषा) नोंदलं गेलं, लगेच मागेही घेतलं गेलं, पण लोकांनी वापरणं सोडलं नाही. शेवटी जानेवारी 2018मध्ये आरएफसी 8314ने त्याला अधिकृत केलं, आणि आता पहिली पसंती त्यालाच द्या असं सांगितलं.

कारण असं. 587वर बोलणं साध्या, उघड्या रूपात सुरू होतं आणि मग ‘स्टार्टटीएलएस’ म्हणून टीएलएसचं, म्हणजे एन्क्रिप्शनचं, कुलूप लागतं. 465वर पहिल्या बाइटपासून टीएलएस असतं. त्या मधल्या उघड्या क्षणाने बराच त्रास दिलाय. 2011मध्ये पोस्टफिक्सचे कर्ते वीत्झे वेनेमा यांनीच दाखवून दिलं की मध्ये बसलेला हल्लेखोर टीएलएस सुरू होण्याआधी घुसवलेल्या आज्ञा नंतर सुरक्षित सत्रातल्या म्हणून चालवून घेऊ शकतो. पोस्टफिक्ससकट अनेक सर्व्हरांत ती चूक होती. 2021मध्ये जर्मन संशोधकांनी मेल क्लायंट आणि सर्व्हरांमध्ये स्टार्टटीएलएसशी निगडित 40हून जास्त त्रुटी काढल्या. हॉटेलच्या वायफायवर बसणारी माणसं तुमच्याकडे आहेत, म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सगळ्यांना 465 द्या. 587 चालू ठेवा, पण एखाद्या जुन्या क्लायंटपुरतंच, आणि तेही टीएलएस सक्तीचं करून.

पोस्टफिक्समध्ये हे काम ‘मास्टर डॉट सीएफ’ फाइलमध्ये होतं. ‘सबमिशन’ आणि ‘सबमिशन्स’ (जुन्या आवृत्तीत ‘एसएमटीपीएस’) अशा दोन सेवांच्या ओळी आधीच लिहिलेल्या असतात, फक्त पुढे हॅशचं (#) चिन्ह असतं. ते काढताना एक काळजी घ्या. सेवेच्या मुख्य ओळीखालच्या ‘डॅश ओ’ने सुरू होणाऱ्या ओळींचा फक्त हॅश काढायचा, त्यापुढच्या रिकाम्या जागा तशाच ठेवायच्या. ओळ अगदी डाव्या कडेपासून सुरू झाली की पोस्टफिक्स तिला नवी सेवा समजतं आणि सुरूच होत नाही. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंनाही जागा सोडायची नाही.

त्या ओळींपैकी कामाच्या अशा. टीएलएसची पातळी ‘एन्क्रिप्ट’. सासल ऑथ (पासवर्डने ओळख पटवणं) ‘येस’. ‘टीएलएस ऑथ ओन्ली’ ‘येस’, म्हणजे कुलूप लागल्याशिवाय पासवर्ड मागायचाच नाही. रिलेच्या अटींमध्ये फक्त दोनच गोष्टी: ‘परमिट सासल ऑथेंटिकेटेड’ आणि त्यानंतर ‘रिजेक्ट’. इथे ‘परमिट मायनेटवर्क्स’ मुद्दाम नसतं. या पोर्टवर ऑफिसमधल्यालाही पासवर्ड द्यावा लागेल, आणि ते चांगलंच आहे. लॅपटॉप घरी गेला काय किंवा ऑफिसात आला काय, सेटिंग तेच राहतं. टीएलएस 1.2च्या खालच्या आवृत्त्या या दोन्ही पोर्टवर बंद करा. 1.0 आणि 1.1 मार्च 2021मध्ये आरएफसी 8996ने रीतसर मोडीत काढल्यात.

पोर्ट 25वर मात्र टीएलएस सक्तीचं करू नका. तिथे जगभरचे सर्व्हर येतात आणि एखाद्याकडे टीएलएस नसेल तर तुमच्या ग्राहकाचा मेल परत जाईल. 25वर करायचं ते उलट काम: लॉगिनची सोय पूर्ण काढून टाकायची. ‘मेन डॉट सीएफ’मध्ये सासल ऑथ ‘नो’ आणि मास्टर फाइलमधल्या त्या दोन सेवांपुरतं ‘येस’. पासवर्ड आजमावून बघणारे कितीतरी बॉट फक्त 25वरच डोकं आपटतात. ते या एका ओळीने संपतात.

पासवर्ड तपासण्याचं काम डव्हकॉटकडे द्या. आयमॅपसाठी (मेल वाचण्यासाठी) ते आधीच आहे, तीच वापरकर्त्यांची यादी एसएमटीपीलाही चालते. डव्हकॉटच्या ऑथ सेवेचं युनिक्स सॉकेट पोस्टफिक्सच्या स्पूल फोल्डरमधल्या ‘प्रायव्हेट’मध्ये तयार करायचं, मालक पोस्टफिक्स, परवानगी 0660. सॉकेट तिथेच का, तर डेबियनवर पोस्टफिक्स बहुधा स्वतःला त्या फोल्डरमध्ये कोंडून घेऊन चालतं. बाहेरचं सॉकेट त्याला दिसतच नाही. ‘सासल ऑथेंटिकेशन फेल्युअर’ नसून ‘कनेक्ट टू प्रायव्हेट ऑथ फेल्ड’ असं दिसलं तर जागा किंवा परवानगी चुकली असं समजा.

लॉगिनची पद्धत ‘प्लेन’ आणि ‘लॉगिन’ ठेवा. नाव वाचून घाबरू नका. टीएलएसच्या आत प्लेन ठीक आहे. पुष्कळ जण सुरक्षित वाटतं म्हणून ‘क्रॅम एमडी5’ निवडतात, पण त्यासाठी सर्व्हरवर पासवर्ड मूळ रूपात किंवा त्याच्याइतक्याच उपयोगी रूपात साठवावा लागतो. सर्व्हर फुटला तर सगळ्यांचे पासवर्ड गेले. प्लेन वापरलं तर साठवण आर्गॉन2 किंवा बीक्रिप्टच्या हॅशमध्ये (उलटवता न येणाऱ्या रूपात) करता येते. पण टीएलएस नसताना प्लेन म्हणजे उघडा पासवर्ड, हेही पक्कं लक्षात ठेवा; बेस64 ही लपवण्याची पद्धत नाही, कुणीही क्षणात उलटी करतं.

इथपर्यंत केल्यावर बरेच जण अडकतात ती जागा सांगतो, कारण तिथे चूक शोधायला वेळ जातो. लॉगिन बरोबर आहे, पासवर्ड बरोबर आहे, तरी घरून पाठवलेला मेल नाकारला जातो आणि लॉगमध्ये स्पॅमहाउसचं नाव दिसतं. स्पॅमहाउस या ब्लॉकलिस्ट चालवणाऱ्या संस्थेची ‘पीबीएल’ नावाची यादी आहे. त्यात घरगुती ग्राहकांचे आयपी असतात. ते वाईट आहेत म्हणून नाही. घरच्या कॉम्प्युटरने थेट दुसऱ्याच्या सर्व्हरला मेल द्यायचा नसतो म्हणून. पोर्ट 25वर ती यादी तपासणं योग्यच. पण तीच तपासणी 587 आणि 465वर लागू झाली की तुमचाच माणूस, घरी बसलाय एवढ्याच कारणाने, नाकारला जातो. असंच ‘हेलो’च्या नियमांचं. लॅपटॉप स्वतःचं नाव काहीतरी ‘डेस्कटॉप’ आणि पुढे अक्षरं-आकडे असं सांगतो. पूर्ण डोमेनचं नाव नसेल तर नकार, असा नियम 25साठी ठेवला असेल तर तो इथे माणसांना मारतो. ग्रेलिस्टिंगही (अनोळखी पाठवणाऱ्याला आधी ‘नंतर या’ सांगणं) तसंच. यासाठी त्या दोन सेवांच्या ओळींमध्ये क्लायंट, हेलो आणि सेंडर यांचे नियम वेगळे लिहायचे, मुख्य फाइलमधले तिथे उतरू द्यायचे नाहीत.

तपासायला ‘स्वॅक्स’ हे साधन उत्तम आहे. ते नसेल तर ओपनएसएसएलच्या ‘एस क्लायंट’ने हाताने टाइप करून बघता येतं, फक्त ‘क्वाएट’ हा पर्याय लावा. तो नसेल तर गंमत होते: ‘मेल फ्रॉम’ स्वीकारला जातो, आणि मोठ्या अक्षरांत ‘आरसीपीटी टू’ लिहून एंटर मारलं की कनेक्शन अडकतं किंवा तुटतं. लोक पोस्टफिक्सच्या रिलेच्या नियमांत चूक शोधत बसतात. प्रत्यक्षात एस क्लायंट ओळीच्या सुरुवातीचं मोठं ‘आर’ ही स्वतःलाच दिलेली आज्ञा समजतो, टीएलएसची बोलणी पुन्हा सुरू करण्याची. तुमची ओळ सर्व्हरपर्यंत गेलेलीच नसते. लहान अक्षरांत लिहिलं तरी काम होतं. आणि तपासणी ऑफिसच्या नेटवरून करू नका. फोनचा हॉटस्पॉट लावून करा. ऑफिसातून सगळं चालणारच, प्रश्न बाहेरचा आहे.

टीएलएससाठी लागणारं सर्व्हरचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं चालतं. कर्मचारी क्लायंटमध्ये सर्व्हरचं जे नाव टाइप करतात तेच प्रमाणपत्रावर हवं. आयपी टाकून चालवलंत तर प्रत्येकाला इशारा दिसेल, ते ‘कंटिन्यू’ दाबायला शिकतील, आणि एखाद्या दिवशी खरा हल्लेखोर मध्ये बसला तरी तसंच दाबतील. प्रमाणपत्राची मुदत 90 दिवसांची असते. नूतनीकरण आपोआप झालं तरी पोस्टफिक्स आणि डव्हकॉट रीलोड करण्याची आज्ञा सर्टबॉटच्या (प्रमाणपत्र आणणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हुकमध्ये घालून ठेवा, नाहीतर फाइल नवी आणि चालू सेवा जुन्या प्रमाणपत्रावर असं होतं. मुदत संपत आल्याचे मेल लेट्स एन्क्रिप्टने 2025मध्ये बंद केलेत, त्यामुळे लक्ष ठेवण्याची सोय तुमची तुम्हालाच करायला हवी.

आता मघाशी म्हटलं ते, सगळे सोडून देतात ते. लॉगिन झालेला माणूस कुणाच्या नावाने पाठवू शकतो? पोस्टफिक्सचं मूळ सेटिंग म्हणतं, कुणाच्याही. म्हणजे सेल्सच्या एका पोराचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला तर तो चोर तुमच्या एमडींच्या पत्त्यावरून अकाउंट्सला मेल पाठवू शकतो की या सप्लायरचं बँक खातं बदललंय, आजचं पेमेंट नव्या खात्यावर करा. मेल तुमच्याच सर्व्हरवरून, तुमच्याच डीकेआयएम सहीसकट (डोमेनच्या डिजिटल सहीसकट) येईल. अकाउंट्सवाल्याने संशय घ्यायचा तरी कशावरून? कंपन्यांचे पैसे याच वाटेने जातात, म्हणून यावर जोर देतोय.

उपाय पोस्टफिक्समध्येच आहे. ‘सेंडर लॉगिन मॅप्स’ नावाची एक तक्ता-फाइल करायची: डावीकडे पत्ता, उजवीकडे तो वापरायचा हक्क असलेली लॉगिन नावं. सेल्सचा सामाईक पत्ता असेल तर त्यापुढे स्वल्पविराम देऊन चार-पाच नावं. मग सेंडरच्या नियमांत ‘रिजेक्ट ऑथेंटिकेटेड सेंडर लॉगिन मिसमॅच’ लावायचं. पण हे अर्धंच काम आहे. ही तपासणी लिफाफ्यावरच्या पत्त्याची होते, एसएमटीपीत ‘मेल फ्रॉम’ म्हणून जो जातो त्याची. वाचणाऱ्याला आउटलुकमध्ये दिसतो तो मेलच्या आतला ‘फ्रॉम’ हेडर, आणि पोस्टफिक्स तो या नियमात बघत नाही. चोर लिफाफ्यावर सेल्सच्या पोराचा पत्ता ठेवून आत एमडींचा लिहू शकतो. त्यासाठी आरस्पॅमडीसारखा मिल्टर (मेल तपासणारा जोड-प्रोग्रॅम) लावा आणि लॉगिन झालेल्यांच्या मेलमध्ये लिफाफा, हेडर आणि लॉगिन जुळतात का हे तपासून न जुळणारे परत करा. लावण्याआधी आठवडाभर फक्त नोंद घ्या, नकार देऊ नका. कोण कुणाच्या वतीने मेल पाठवतं याचे कंपनीत कुणालाच ठाऊक नसलेले रिवाज त्यात बाहेर येतात.

दुसरं, संख्या. पासवर्ड चोरीला गेला की पहिला उपयोग स्पॅमसाठीच होतो, शक्यतो रात्री किंवा शनिवारी-रविवारी. सकाळी येऊन बघावं तर रांगेत हजारो मेल, बाउन्सचा पाऊस आणि सर्व्हर ब्लॉकलिस्टवर. पोस्टफिक्सची स्वतःची वेगमर्यादा आयपीगणिक आहे, माणसागणिक नाही, आणि बॉट आयपी बदलत राहतो. त्यामुळे पोस्टएफडब्ल्यूडीसारखी पॉलिसी सेवा किंवा आरस्पॅमडीची मर्यादा लॉगिन नावावर लावा. 40 माणसांच्या कंपनीत एका माणसाला तासाला 100 प्राप्तकर्ते पुरेसे आहेत. दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्या ग्राहकांना पाठवणारे असतातच, त्यांना त्या दिवसापुरतं वाढवून द्या. मर्यादा ओलांडली की तुमच्या फोनवर सूचना यायला हवी. त्या एका सूचनेने रात्र वाचते.

तरी झालंच तर क्रम असा ठेवा. आधी ‘पोस्टसुपर’ या आज्ञेने रांगेतले मेल होल्डवर टाका, म्हणजे बाहेर जाणं थांबतं. मग पासवर्ड बदला. मग पोस्टफिक्स पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करा, कारण जे कनेक्शन आधीच लॉगिन होऊन बसलंय त्याला नव्या पासवर्डशी देणं-घेणं नसतं. लॉगमध्ये ‘सासल युजरनेम’ शोधलं की कोणत्या खात्यावरून गेलं ते लगेच दिसतं. त्या खात्याचे रांगेतले मेल काढून टाका, बाकीचे सोडा. ब्लॉकलिस्टमधून नाव काढायचा अर्ज सगळ्यात शेवटी. मूळ भोक बुजवल्याशिवाय अर्ज केलात तर दुसऱ्यांदा नाव आल्यावर ते लोक तितक्या सहज काढत नाहीत.

पासवर्डबद्दल एक साधी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मेलचा पासवर्ड रोज टाइप करायचा नसतो. एकदा क्लायंटमध्ये भरला की संपलं. तो लक्षात राहण्याजोगा असण्याची गरजच नाही. तुम्ही तयार करा, 20-24 अक्षरांचा, निव्वळ यादृच्छिक, आणि स्वतः लॅपटॉपवर भरून द्या. माणसाला तो माहीत नसेल तर तो कुठल्या खोट्या लॉगिन पानावर देऊही शकत नाही. त्याहून चांगलं म्हणजे फोनला एक आणि लॅपटॉपला एक असे वेगळे पासवर्ड. डव्हकॉटमध्ये लॉगिन नावं वेगळी ठेवून ती एकाच मेलबॉक्सवर नेता येतात. लॅपटॉप शिवशाहीत विसरला तर तेवढाच पासवर्ड बंद करायचा, फोन चालू राहतो.

दुसऱ्या घटकाची पडताळणी, म्हणजे ओटीपी वगैरे, एसएमटीपीत नीट बसत नाही. मोठ्या सेवांनी त्यासाठी ओऑथ (पासवर्डऐवजी टोकनने लॉगिन) आणलं. डव्हकॉटलाही ते येतं, पण थंडरबर्ड आणि आउटलुकसारखे क्लायंट ते ओळखीच्या मोठ्या पुरवठादारांसाठीच सहज चालवतात, तुमच्या स्वतःच्या सर्व्हरसाठी नाही. तुमच्या आकाराच्या कंपनीला त्यामागे लागू नका असंच सांगेन. व्हीपीएनचं विचाराल तर वायरगार्ड उत्तम आहे, 2020पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, आणि अकाउंट्स व मॅनेजमेंटच्या पाच-सात जणांसाठी 465 फक्त व्हीपीएनमधूनच, असं करायला हरकत नाही. सेल्सवाल्यांवर मात्र लादू नका. ग्राहकाच्या गेटवर उभं राहून फोनवरून कोटेशन पाठवताना व्हीपीएन जोडलं नाही की तो माणूस जीमेलकडे वळतो, आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो.

फेल2बॅन (वारंवार चुकीचा पासवर्ड देणारे आयपी अडवणारा प्रोग्रॅम) लावा, पण त्यावर फार विसंबू नका. हल्लीचे बॉट एका आयपीवरून एक-दोनदाच प्रयत्न करतात. आणि सीजीनॅटमुळे तुम्ही मोबाइलचा एक आयपी दिवसभरासाठी बंद केलात तर त्यामागचे तुमचेच दोन सेल्सवाले बाहेर राहतील. बंदी दहा-पंधरा मिनिटांचीच ठेवा.

आता जीमेलवरून जाणारी कोटेशनं. ती ताबडतोब थांबवा, आणि ओरडून नाही, आधी वरची सोय चालू करून. माणसाने नोकरी सोडली की तो पत्रव्यवहार त्याच्याबरोबर जातो, हा एक भाग. दुसरा पोचण्याचा. तुमच्या डोमेनचा मेल तुमच्याच सर्व्हरवरून निघाला तरच एसपीएफ (डोमेनचे मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात याची नोंद) जुळतं आणि डीकेआयएमची सही लागते. फेब्रुवारी 2024पासून जीमेल आणि याहू प्रत्येक पाठवणाऱ्याकडे यातलं किमान एक मागतात, आणि जीमेलला दिवसाला 5,000हून जास्त मेल पाठवणाऱ्यांकडे दोन्ही आणि वर डीमार्क (ते न जुळल्यास मेलचं काय करायचं याचं धोरण). कंपनीचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये लिहून दुसऱ्याच सर्व्हरवरून पाठवलेला मेल अशा वेळी स्पॅममध्ये पडतो. सगळे 465वर आले, आठवडाभर डीमार्कचे अहवाल बघितले आणि कुठला वेगळा सर्व्हर दिसला नाही, की मग धोरण ‘नन’वरून ‘क्वारंटाइन’वर न्या. तुमची वेबसाइट किंवा टॅली जोडणारं सॉफ्टवेअर मेल पाठवत असेल तर त्यालाही स्वतःचं वेगळं लॉगिन द्या. कुणा माणसाचं उसनं घेऊ नका.

मेल घरून निघाला की पोस्टफिक्स ‘रिसीव्ह्ड’ हेडरमध्ये त्या घरचा आयपी आणि लॅपटॉपचं नाव लिहितं, आणि ते प्रत्येक ग्राहकाला वाचता येतं. माणूस कोणत्या शहरात, कुणाच्या नेटवर बसलाय हे त्यातून कळतं. ते झाकणं मला आवश्यक वाटतं. सबमिशनसाठी वेगळी ‘क्लीनअप’ सेवा करून हेडर चेक्सने फक्त ती ओळ काढा. हा नियम चुकूनही पोर्ट 25च्या मेलवर लावू नका. रिसीव्ह्डच्या ओळी मोजूनच सर्व्हर गोल फिरणारा मेल ओळखतो.

तुमच्या स्वतःच्या लॉगमध्ये मात्र तो आयपी हवाच, आणि पुरेसे दिवस हवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग 180 दिवस सांभाळायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची आहे. डेबियनचं मूळ सेटिंग मेल लॉगच्या चार आठवड्यांच्याच जुन्या फाइली ठेवतं. लॉगरोटेटमध्ये (जुन्या लॉग फाइली सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तो आकडा 27 करा.

लॉग वाचताना एका गोष्टीने दचकाल. विंडोजवरचं नवं आउटलुक आणि फोनवरचं आउटलुक तुमच्या सर्व्हरशी थेट बोलत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमार्फत बोलतात. म्हणजे कोल्हापुरातल्या माणसाचं लॉगिन मायक्रोसॉफ्टच्या आयपीवरून दिसेल, आणि त्याचा पासवर्डही तिकडे साठलेला असेल. चोरी झाली असं समजून तुम्ही खातं बंद कराल. परदेशी आयपी अडवण्याचा नियम असेल तर ती माणसं विनाकारण अडकतील. कंपनीने एक क्लायंट ठरवून द्यावा हे बरं. लॅपटॉपवर थंडरबर्ड किंवा जुनं आउटलुक असेल तर ही भानगड नाही.

ऑफिसातला जुना स्कॅनर-प्रिंटर हे सगळं केल्यावर हमखास बंद पडतो, कारण त्याला नवं टीएलएस येत नाही. त्याच्यासाठी सगळ्यांचं टीएलएस खाली आणू नका. त्याला ऑफिसच्या नेटवर्कमध्ये ठरावीक आयपी द्या आणि मायनेटवर्क्समध्ये लोकलहोस्टखेरीज तेवढा एकच आयपी ठेवा. हार्डवेअरवाल्याने आधीच काही घरचे आयपी टाकले असतील तर ते आजच काढा. बाकीची कामं पुढच्या दोन-तीन शनिवारी केलीत तरी चालतील. काढल्यावर फोनच्या हॉटस्पॉटवरून पोर्ट 587ला जोडून, लॉगिन न करता, बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर मेल द्यायचा प्रयत्न करा, आणि मग बाहेरच्या एखाद्या व्हीपीएसवरून (भाड्याच्या सर्व्हरवरून) 25वर तेच करा. दोन्हीकडे नकार यायला हवा.